गिअरबॉक्स उघडण्याआधी

जुन्या मोटरसायकलचा गिअरबॉक्स आपल्याकडे घरातल्या धाकट्या सुनेसारखा असतो. काहीही बिघडलं की नाव तिचंच. गाडीने चालता चालता झटका दिला, गिअरबॉक्स गेला. चढावर गाडी ओढेना, गिअरबॉक्स गेला. सिग्नलला न्यूट्रल सापडेना, बघायलाच नको, गिअरबॉक्सच गेला! मग रविवारी सकाळी कोणीतरी उत्साही माणूस पाने घेऊन बसतो, दुपारपर्यंत वर्तमानपत्रावर सगळे दाते, वॉशर, स्प्रिंगा मांडतो, आणि संध्याकाळी एक वॉशर जास्तीचा उरतो. त्यानंतर ती गाडी पुष्कळदा रस्त्यावर येतच नाही. पोत्यात भरलेलं इंजिन आणि भिंतीला टेकवलेली चासी, असं दृश्य तुमच्याही ओळखीच्या एखाद्या वाड्यात असेल. मग एके दिवशी भंगारवाला येतो आणि किलोवर नेतो.

या सगळ्या प्रकाराबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. विषय यंत्राचा असला तरी घाबरू नका, पान्यांच्या नंबरांत मी शिरणार नाही. सांगायचं एवढंच आहे की जुन्या गाडीच्या गिअरचा दोष शोधायचा असेल तर आधी त्या गाडीचा इतिहास माहीत हवा. ती कुठल्या देशात जन्मली, कुणाच्या सवयीने बनली, आपल्याकडे कशी आली. हे माहीत असलं की निम्म्या वेळा गिअरबॉक्स उघडावाच लागत नाही.

आधी पेटीच्या आत काय असतं ते थोडक्यात बघू. दोन दांडे, म्हणजे शाफ्ट. त्यांच्यावर दात्यांच्या चाकांच्या जोड्या. जितके गिअर तितक्या जोड्या, असं ढोबळ मानाने समजा. यातल्या बऱ्याचशा जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात, फक्त जोडीतलं एक चाक आपल्या दांड्यावर मोकळं फिरत असतं. आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा आतला एक चिमट्यासारखा फोर्क बाजूचं चाक सरकवतो. त्या चाकाच्या अंगावरचे जाड खुंट मोकळ्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतात आणि ते चाक दांड्याला जखडलं जातं. या खुंटांना इंग्रजीत ‘डॉग’ म्हणतात. हो, कुत्राच. दाताने घट्ट धरतो म्हणून असेल. आणि फोर्क जागच्या जागी राहावा म्हणून एक स्प्रिंग असते, ती त्याला खाचेत दाबून धरते. बस्स, एवढंच. गिअर ‘सुटतो’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा या कुत्र्याचे दात बोथट झालेले असतात, किंवा फोर्क झिजलेला किंवा वाकलेला असतो, किंवा ती स्प्रिंग म्हातारी झालेली असते.

आता इतिहासाकडे वळतो. सत्तरच्या दशकात आपल्या रस्त्यांवर प्रामुख्याने तीन प्रकारच्या मोठ्या मोटरसायकली होत्या. बुलेट, राजदूत आणि जावा (म्हणजेच पुढची येझदी). तिन्ही भारतात बनत होत्या, तिन्हींना आपण आपल्याच म्हणत होतो, पण तिन्हींचे गिअरबॉक्स तीन वेगवेगळ्या देशांतून आले होते. एक इंग्लंडचा, एक पोलंडचा आणि एक चेकोस्लोव्हाकियाचा.

बुलेटचं घराणं रॉयल एन्फील्डचं, रेडिचचं. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि गाडी तिथे तयार होऊ लागली. इंग्लंडमध्ये त्या काळी एक गंमतशीर व्यवस्था होती. मोटरसायकल बनवणारा इंजिन बनवायचा आणि गिअरबॉक्स पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्याकडून विकत घ्यायचा. बर्मन, स्टर्मी-आर्चर, आल्बियन ही त्यातली मोठी नावं. बुलेटचा गिअरबॉक्स या आल्बियनच्या घराण्यातला. म्हणून जुन्या बुलेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन वेगळ्या पेट्या आहेत, एकमेकींना बोल्टने जोडलेल्या. तेलही वेगळं. इंजिनात ऑइल आणि जुन्या काळी गिअरबॉक्समध्ये चक्क पातळ ग्रीस! ज्याला हे माहीत नाही तो इंजिन ऑइल बदलून ‘गिअरचंही झालं’ असं समजतो आणि गिअरबॉक्स वर्षानुवर्षं उपाशी राहतो.

इंग्रजी रिवाजाप्रमाणे तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. जगात बाकी ठिकाणी सत्तरच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नियमामुळे गिअर डाव्या पायाला आले, पण आपली बुलेट पुढे कितीतरी वर्षं उजवीकडेच राहिली. शिवाय या गिअरबॉक्सचा स्वभाव असा की दोन गिअरांच्या मध्ये फसवे न्यूट्रल सापडतात, आणि खरं न्यूट्रल हवं तेव्हा सापडत नाही. म्हणून कंपनीनेच टाचेने दाबायची एक छोटी लिव्हर दिली होती. पहिला सोडून कुठल्याही गिअरमध्ये असा, ती दाबली की गाडी न्यूट्रलला! नव्या मालकाला वाटतं ही फालतू लिव्हर आहे, तो काढून टाकतो आणि मग ‘न्यूट्रल मिळत नाही’ म्हणून गिअरबॉक्स उघडायला नेतो. फसव्या न्यूट्रलवर बऱ्याचदा बाहेरच्या झाकणाआड असलेल्या पायगिअरच्या पट्टीचं अॅडजस्टमेंट पुरतं. दोन नट सैल करायचे, पट्टी किंचित सरकवायची, घट्ट करायचे. दांड्यांपर्यंत जायचं कामच नाही.

राजदूत पोलंडची. एस्कॉर्ट्सने १९६२च्या सुमारास पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून ती घेतली. तीनच गिअर, साधा सरळ स्वभाव. दुधाच्या किटल्या बांधून खेड्यापाड्यांतून फिरणारी ही गाडी तुम्ही पाहिली असेलच. तीन गिअर म्हणजे प्रत्येक दोन गिअरांतलं अंतर मोठं. चौथ्या गिअरची सवय असलेला माणूस राजदूतवर बसला की त्याला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी ‘मरते’ असं वाटतं. तो बिघाड नाही. तो पोलंडच्या माणसाने साठ वर्षांपूर्वी केलेला हिशोब आहे.

आणि तिसरी जावा. तिची कथा जरा जास्त सांगतो, कारण आमच्या घराचा संबंध तिच्याशी आहे.

फ्रांतिशेक यानेचेक हा चेक माणूस मुळात शस्त्रास्त्रं बनवणारा. त्याने १९२९मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले आणि यानेचेकमधला ‘जा’ (लिहिताना ते अक्षर ‘जे’ आहे) आणि वाँडररमधला ‘वा’ घेऊन नाव ठेवलं जावा. पुढे महायुद्ध आलं, देश जर्मनांच्या ताब्यात गेला. १९४१मध्ये यानेचेक वारला. पण त्याच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांनी युद्ध चालू असतानाच गुपचूप एका नव्या अडीचशे सीसी गाडीवर काम चालू ठेवलं. युद्ध संपल्यावर १९४६च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली आणि तिने सुवर्णपदक मिळवलं. या गाडीत एक नवी युक्ती होती. गिअरच्या लिव्हरवर पाय दाबला की आतल्या आत क्लच आपोआप उचलला जायचा. म्हणजे गिअर बदलताना हाताने क्लच दाबला नाही तरी चालेल.

पन्नासच्या दशकात आलेल्या पुढच्या अडीचशे सीसी जावामध्ये ही युक्ती होतीच, वर आणखी एक गंमत होती. गिअरची आणि किकची लिव्हर एकच! डाव्या बाजूला. लिव्हर आत दाबायची, मागे वर फिरवायची, किक मारायची. गाडी सुरू झाली की तीच लिव्हर पुढे आणायची आणि तिनेच गिअर टाकायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे जादूसारखं वाटतं. आपल्याकडे इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१पासून म्हैसूरला ही गाडी बनवायला घेतली. पुढे चेक कंपनीबरोबरचा करार संपला आणि १९७३पासून गाडीचं नाव येझदी झालं. नाव बदललं, पण आतली माणसं तीच, तसा आतला गिअरबॉक्सही त्याच घराण्याचा राहिला.

आता या इतिहासाचा दुरुस्तीशी काय संबंध? तर बघा. या गाडीत क्लच उचलणारे दोघं आहेत, हाताची केबल आणि पायाची लिव्हर. दोघांचा मेळ नसेल तर गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो, गिअर अडकतो, न्यूट्रल रुसतं. हा दोष गिअरबॉक्सचा नाही, मेळाचा आहे. तो ओळखायची साधी परीक्षा अशी की एकदा हाताने क्लच पूर्ण दाबून गिअर टाकून बघायचा आणि एकदा हात न लावता नुसत्या पायाने सावकाश. एका पद्धतीने गिअर लोण्यासारखा पडतो आणि दुसऱ्या पद्धतीने कुरकुरतो, असं झालं तर पेटी उघडू नका, क्लचचं अॅडजस्टमेंट करा. दोन्ही पद्धतींनी सारखंच कुरकुरतो, तर क्लच प्लेटा किंवा ऑइल बघा. तेवढ्याने भागलं नाही तरच पुढचा विचार.

दुसरी गोष्ट लिव्हरची. एकाच लिव्हरवर किकचे दणके आणि गिअरची नाजूक कामं असल्यामुळे ती शाफ्टवर जिथे बसते तिथले बारीक दाते लवकर झिजतात. मग पाय खाली जातो, लिव्हर खाली जाते, पण आतला शाफ्ट हलतच नाही. बसणाऱ्याला वाटतं गिअर ‘पडत नाहीये’. एक बोल्ट घट्ट करून किंवा लिव्हर बदलून भागणाऱ्या कामासाठी इंजिन उतरवलेलं मी स्वतः पाहिलंय.

तिसरी गोष्ट ऑइलची. टू-स्ट्रोक गाडी, त्यामुळे इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. क्लच आणि गिअरबॉक्सचं ऑइल मात्र वेगळ्या कप्प्यात, आणि तो कप्पा इंजिनाला खेटूनच. मधे क्रँकच्या दांड्यावर एक रबरी ऑइल सील असतं, तेवढीच काय ती भिंत. ही भिंत फुटली की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढून घेतं आणि जाळतं. गाडीखाली जमिनीवर एक थेंब नाही, पण गिअरबॉक्समधलं ऑइल महिन्या-दोन महिन्यांत गायब! मागे पांढरट दाट धूर. मग कोरड्या पडलेल्या चाकांचा आवाज वाढतो आणि लोक म्हणतात, गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले. जातीलही, पण ते परिणाम आहेत. सील न बदलता नवे बेअरिंग घातले तर तेही जातील.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी मला मुकुंदवाडीला जावं लागेल.

मुकुंदवाडी हे तेव्हाच्या औरंगाबादचं, २०२३पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचं, जालना रोडवरचं एक जुनं गाव. शहर वाढत वाढत आलं आणि गाव त्याच्या पोटात गेलं. एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला चिकलठाण्याची एमआयडीसी, आणि मुकुंदवाडीचं छोटं रेल्वे स्टेशन. एमआयडीसी खेटून असल्यामुळे इथल्या गल्ल्यांमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर राहायला आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजला १९८५मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी आज एंड्युरन्स म्हणून जगभर माहीत असलेल्या कंपनीचीही सुरुवात याच शहरात झाली. क्लच, शॉक अब्सॉर्बर, ब्रेक असली कामं इथल्या माणसांच्या हातात बसली. पुण्या-मुंबईच्या लोकांना वेरूळ-अजिंठ्यासाठी औरंगाबाद माहीत असतं, पण या शहराची एक ओळख लोखंड कापणाऱ्या हातांची आहे, हे फार कमी वेळा लिहिलं जातं. शिफ्ट सुटल्यावर हेच हात शेजाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचे.

(थोडं विषयांतर. १९७२मध्ये आलेल्या चेतक स्कूटरनेही इथल्या मेकॅनिक लोकांना खूप शिकवलं. तिचा गिअर डाव्या मुठीत. मूठ फिरवली की केबल ओढली जाते आणि आत दांड्यात क्रॉसच्या आकाराचा एक तुकडा सरकतो. तिथेही तेच. गिअर अडायला लागला की आधी केबल बघायची, केबल ताणली गेलेली असते. क्रॉसची पाळी नंतर. आता चेतक पुन्हा निघालीय, २०२०मध्ये, पण विजेवरची. तिला गिअरच नाहीत. प्रश्नच मिटला!)

तर माझ्या काकांची येझदी. १९७९चं मॉडेल, साधी येझदी, रोडकिंग नव्हे. काकांनी ती १९८४मध्ये सेकंडहँड घेतली आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रोज तिच्यावरून गेले. आमची अख्खी भावंडं तिच्या टाकीवर बसून शाळेत गेलेली आहेत. काका निवृत्त झाले, नंतर देवाघरी गेले, आणि गाडी मुकुंदवाडीच्या घरासमोर ताडपत्रीखाली राहिली. चुलतभाऊ पुण्यात असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी गाडी चालू करायचं मनावर घेतलं. चालू झालीही. पण चढावर, किंवा मागे माणूस बसला की ‘कट्-कट्’ करून मागच्या चाकाला झटका बसायचा, जणू गिअर सुटून परत अडकतोय. दोन ठिकाणी दाखवली. दोघांचंही म्हणणं एकच पडलं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दात गेले, इंजिन उतरवा. खर्चाचा आकडा ऐकून भावाने ठरवलं की विकून टाकू. गाडी घ्यायला माणूसही तयार होता, पार्टसाठी. म्हणजे गाडी फोडूनच विकली जाणार होती. काकू काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी ताडपत्री धुऊन वाळत घातली, एवढं मला आठवतं.

त्यांच्या गल्लीत एक निवृत्त टर्नर राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी सहज त्यांना बोलावलं. मामांनी गाडी सुरूच केली नाही. विचारलं, “झटका कोण्या गिअरला बसू लागला?” भाऊ म्हणाला, “दुसऱ्याला पण, तिसऱ्याला पण. चौथ्याला पण कधीकधी.” मामा म्हणाले, “मंग गिअरचा काय दोष, बाबा? एका वेळी सगळ्याच गिअराचे दात जातेत का? चेन बघितली का आधी?”

नव्हती बघितली. कोणीच नव्हती बघितली. कारण या गाडीची मागची चेन दिसतच नाही! चेकोस्लोव्हाकियाच्या चिखलात आणि बर्फात चेन टिकावी म्हणून त्या लोकांनी ती पूर्ण झाकली होती. मागच्या स्प्रॉकेटला पत्र्याचं झाकण आणि चेनच्या वरच्या-खालच्या दोन्ही पदरांवर रबरी नळ्या. आत धूळ जात नाही, चेन पुष्कळ वर्षं टिकते. पण जे दिसत नाही त्याकडे कोण बघतो? मामांनी झाकण उघडायला लावलं. चेन हाताने ओढली तर स्प्रॉकेटवरून बोटभर सुटी होत होती, आणि दाते एका बाजूला झुकून अगदी विळ्यासारखे झाले होते. जोर पडला की चेन एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर उडी मारायची. तीच ‘कट्-कट्’. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले, झटका गेला. गिअरबॉक्सला पाना लागला नाही.

मामांनी जे केलं त्यात चमत्कार काही नाही, विचाराची शिस्त आहे. आतला कुत्रा बोथट झाला तर तो ज्या गिअरचा असेल तोच गिअर सुटेल. सगळेच गिअर सारखे वागत असतील तर दोष सगळ्यांना समाईक असलेल्या जागी शोधायचा. म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे क्लच, किंवा गिअरबॉक्सच्या मागे चेन. आजारपणातही चांगला डॉक्टर असंच करतो ना? घरातल्या सगळ्यांनाच एकदम जुलाब लागले तर तो प्रत्येकाचं पोट कापत नाही, पाणी कुठून भरता ते विचारतो.

तर अशी ही बाहेरून आत येण्याची वाट. आधी गाडी कुठल्या घराण्याची ते ओळखायचं आणि तिचा स्वभाव कुठला, बिघाड कुठला हे वेगळं करायचं. मग ऑइल बघायचं, किती आहे, कसं आहे, आणि बोटाला चोळून त्यात लोखंडाची चकाकी लागते का. मग लिव्हर, केबल, क्लचचं अॅडजस्टमेंट. मग चेन आणि स्प्रॉकेट. मग गाडी चालवून बघायची आणि दोष एकाच गिअरला आहे की सगळ्यांना, हे लिहून ठेवायचं. जोर लावताना सुटतो की अॅक्सिलरेटर सोडताना, हेही लिहायचं. कुत्र्याच्या दाताची एक कड जोर लावताना काम करते आणि दुसरी सोडताना, त्यामुळे कुठली कड झिजली ते इथेच कळतं.

आणि एवढं करूनही एकच गिअर, दर वेळी, जोर पडला की सुटत असेल, ऑइलमध्ये लोखंडाचे बारीक कण चकाकत असतील, तर मात्र आढेवेढे न घेता पेटी उघडायची. तशीच पुढे चालवत राहिलात तर झिजलेला गिअर शेजारच्या चांगल्या गिअरलाही खाईल. उघडताना प्रत्येक वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो काढायचा. पूर्वी लोक वहीत चित्र काढायचे, आता खिशात फोन आहे. आणि दात्याचं चाक बदलायचं तर शक्यतो जोडीने, कारण जुन्या चाकाबरोबर नवं चाक नांदत नाही, आवाज करतं.

मी उघडण्याच्या विरुद्ध इतका का, असं कुणी विचारेल. कारण म्हैसूरचा तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या, एका लिटरमध्ये कितीतरी जास्त पळणाऱ्या. धुराचे नियम कडक झाले. येझदीचे दिवस भरले. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली, पण त्या सर्वस्वी वेगळ्या, फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांचे पार्ट काकांच्या गाडीला काय कामाचे? जुने मूळ पार्ट कुणाच्या तरी माळ्यावर उरले असतील तेवढेच, बाकी नकला. नकली चाकाचं लोखंड कसं निघेल याचा भरवसा नाही. म्हणजे विनाकारण उघडलेल्या प्रत्येक गिअरबॉक्समागे चांगल्या स्थितीतली एक गाडी कमी होण्याचा धोका असतो.

याला आता कायद्याचीही एक बाजू आलीय. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही, प्रदर्शनाला वगैरे नेता येते. १९७३च्या पहिल्या येझदी पन्नाशी ओलांडून गेल्या. काकांच्या गाडीला अजून अवकाश आहे. तोवर तिची साधी नोंदणी आहे, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची. भाऊ आता ते सगळं कागदपत्रांचं बघतोय. विकायचा विषय तूर्तास कुणी काढत नाही.

पण पार्ट आणि कागद यांच्यापेक्षा मला काळजी वाटते ती मामांसारख्या माणसांची. जुन्या गाड्यांची आवड असणारी तरुण मुलं आज पुष्कळ आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात, गाड्या चकाचक असतात, बघायला मजा येते. पण क्रोम चमकवणं शिकता येतं, तसं “झटका कोणत्या गिअरला बसतो?” हा पहिला प्रश्न विचारणं कोण शिकवणार? ते कुठल्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात छापलेलं नाही. कारखान्यात तीस-चाळीस वर्षं लोखंडाशी बोलून ते आलेलं असतं. मामांनी जावाचा कारखाना पाहिलेला नाही, ते गाड्यांचे मेकॅनिकही नाहीत. त्यांना फक्त एवढं माहीत होतं की यंत्र खोटं बोलत नाही, आपण त्याला नीट विचारत नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे, तुमच्या मामाकडे, आजोळी कुठे ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी असेल आणि ‘गिअरबॉक्स गेलाय’ म्हणून पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गल्लीतल्या एखाद्या निवृत्त फिटर-टर्नरला चहाला बोलवा. चहा झाल्यावर गाडी दाखवा, आणि ते काय विचारतात ते नीट ऐकून लिहून ठेवा. गाडी चालू होईल की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांचा तो पहिला प्रश्न तरी तुमच्याकडे राहील.